ओकपाशी कुणी भेटलं का?

१२ मार्च

पिवळा रंग केसांतून निघत नाही. रॉकेल लावलं, साबण लावला, शेवटी कात्री घेऊन बटच कापून टाकली. या वयात कोण बघतंय.

मेयरच्या कचेरीने आमच्या खोऱ्यातून चालणाऱ्या पाहुण्यांसाठी नवी पायवाट आखलीय. जुने पूल, मोडकी गिरणी, लांब्रुआ गावचं आठशे वर्षांचं चर्च, असं सगळं दाखवत ती इथे पुई-व्हेरला, माझ्या दारात येते. रात्रीचं जेवण आणि अंथरूण माझ्याकडे. माझ्या नवऱ्याच्या, एमिलियँच्या, सुतारखोलीत आणि धान्याच्या माळ्यावर मिळून तीन खोल्या झाल्या. वाटेवरच्या झाडांना पिवळे पट्टे मारायचं काम ज्याच्या त्याच्या वस्तीवर सोपवलंय, आणि आमच्या वस्तीत उभं राहता येणारी माणसं म्हणजे मी आणि शेजारचा अल्सीद.

नकाशात वाट गिरणीच्या पाटावरून सरळ घराकडे येत होती. मी म्हटलं, नाही, ओकच्या झाडाच्या फाट्यावरून न्यायची.

"अगं, उगाच अर्धा तास वाढेल," अल्सीद म्हणाला. "वर चिखल."

"तिथून देखावा चांगला आहे."

"कसला डोंबलाचा देखावा? तिथनं एक दफनभूमी तेवढी दिसते."

मी त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि ओकला पट्टा मारला. धंदा माझा आहे, वाट मी ठरवणार. पट्टा मारताना खोडावरचे क्रूस तेवढे सांभाळले. अर्धे कुजलेत, अर्ध्यांवर शेवाळ. एमिलियँचा त्यात नाही. तो माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

१५ मार्च

परवा लिहिलं ते वाचून वाटलं, नीट लिहावं. ही वही माझीच आहे, इथे कुणाला घाबरायचं?

आमच्याकडे प्रेतयात्रा ओकच्या फाट्यावर थांबते. घरचं सगळ्यात जवळचं माणूस उतरतं आणि हातभर नाही, वीतभर लाकडी क्रूस खोडाला ठोकतं, वरच्या वाटेच्या अंगाला. म्हणजे गेलेल्याला कळतं की चर्चकडे इथून वळायचं. खालची वाट नदीकाठाने घरी येते. क्रूस नसला तर माणूस घराकडे परत फिरतो, असं म्हणतात. तिथेच अडकतो, असंही म्हणतात. अल्सीद सगळ्या खोऱ्याचे क्रूस करतो, हेझलच्या लाकडाचे. एमिलियँचा त्याने रडत रडत केला होता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. चर्चलासुद्धा मी नाताळला जाते, तेही गाण्यांसाठी.

पण नोव्हेंबरात गाडी फाट्यावर थांबली तेव्हा मी उतरले नाही. क्रूस पर्समध्ये होता, हातोडी पायाशी होती. गाडीवाला वाट बघत राहिला. मागच्या गाड्यांतले सगळे बघत होते, सासूबाईसुद्धा. मग मी गाडीवाल्याला म्हटलं, चला.

मला तो चर्चमागे नको होता. मला तो घरी हवा होता. बस, एवढंच.

२९ मार्च

पडदे शिवले. एमिलियँचे बूट अजून दारातच आहेत. पाहुणे अडखळतील म्हणून आत ठेवायला हवेत. नोव्हेंबरात शेवटचे कपडे चढवताना पाय इतके सुजले होते की बूट चढेनात, नुसते करड्या लोकरीचे मोजे घालून पाठवला त्याला. बघू, उद्या उचलेन.

६ एप्रिल

पहिले पाहुणे! हॉलंडच्या दोघी बहिणी, दोघीही माझ्याहून मोठ्या आणि दोघींचे पाय माझ्याहून धड. हॅमबरोबर शिजवलेला पांढरा घेवडा त्यांनी दोनदा वाढून घेतला. सासूबाई नेहमीप्रमाणे खिडकीशी बसून राहिल्या. एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांना हवं तेव्हाच ऐकू येतं.

मी विचारलं, "ओकपाशी कुणी भेटलं का?"

"एक गाय," धाकटी म्हणाली.

वाट बरोबर दिसते की नाही, हे कळायला विचारलं होतं. सासूबाईंनी खिडकीतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सूप तळाला लागलं, त्याची एवढी चिडचिड का झाली कोण जाणे.

१४ एप्रिल

नाँतहून एक नवराबायको आले. तरुण आहेत, सगळ्या गोष्टींवर एकमेकांची परवानगी घेतात. यांनाही जेवताना विचारलं.

"हो, एक गृहस्थ होते," नवरा म्हणाला. "आम्हालाच वाट विचारत होते. मजा वाटली, दिसत तर इथलेच होते."

"काय विचारलं?"

"नदीच्या हाताला कुठली वाट जाते?" बायको म्हणाली. "म्हणजे काय असतं ते?"

माझ्या हातात पाव कापायची सुरी होती. ती खाली ठेवली.

एमिलियँला डावं-उजवं आयुष्यात जमलं नाही. लष्करात त्यापायी त्याने रोज शिव्या खाल्ल्या. त्याच्याकडे दोनच हात होते, एक नदीचा आणि एक डोंगराचा. टेबलावर मीठ मागायचं तरी म्हणायचा, ते नदीच्या हाताचं दे. अख्खं खोरं त्याला हसायचं.

"दिसायला कसे होते?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उंच, वाकलेले, हात पाठीमागे. मिशी होती, बायको म्हणाली. नव्हती, नवरा म्हणाला. शेवटी ती म्हणाली, "गंमतच आहे. इतका वेळ बोललो आणि चेहराच आठवत नाही."

हा अल्सीदचा आचरटपणा आहे. उद्या त्याला फैलावर घेते.

१५ एप्रिल

घेतलं फैलावर. त्याच्या अंगणात उभं राहून म्हटलं, "लाज वाटत नाही? मेलेल्या मित्राची नक्कल करून माझ्या पाहुण्यांची थट्टा करतोस?"

तो लाकूड तासत होता. हात थांबला. "काय बोलतेयस तू? काल मी दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे होतो." गाल खरंच सुजला होता. मी सांगितलं ते ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हळूच म्हणाला, "सोलांज, क्रूस कुठेय?"

"तुझी कामं कर," म्हटलं आणि आले.

म्हणजे कुणीतरी फिरस्ता असणार. जुनी माणसं असं बोलतात.

१७ एप्रिल

सफरचंदाचा केक केला. आज एकही पाहुणा नाही, तरी केला. बटाटे सोलताना मी शीळ घालत होते हे सासूबाईंनी खुर्ची आपटली तेव्हा कळलं. त्याच्या बाजूच्या उशीचा अभ्रा बदलला. बाहेरच्या फाटकाची कडी जड लागते, तिला तेल घातलं. वसंतात घर जरा उघडंमोकळं असावं.

२८ एप्रिल

दुपारभर ओकखाली बसले. रिमझिम होती. धुकं नदीवरून वर चढलं, आधी गिरणी गेली, मग कुंपणं, मग वीस पावलांवरचंही दिसेना. मला वाटलं, आता. उभी राहिले, केस नीट केले. हाक मारली, दोनदा. माझाच आवाज मला परका वाटला.

कुणी आलं नाही.

पाहुण्यांना दिसणारा फिरस्ता मला कसा दिसत नाही? सहा दिवसांत तिघांना भेटला. एका बाईने तर त्याला बिस्किट दिलं. म्हणाली, त्यांनी ते हातात धरलं, पण खाल्लं नाही, खायचं कसं ते विसरल्यासारखं. अनोळखी बायकांकडून बिस्किटं घेतोस आणि जिने अडतीस वर्षं भाकरतुकडा घातला तिच्याशी वाकडं?

लिहून गेले खरं. खोडत नाही.

२ मे

रेन शहरातून एक निवृत्त मास्तर आलेत, एकटेच. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या फाट्यावर एक म्हातारबाबा उभे असतात. घरच्यांनी लक्ष द्यायला हवं त्यांच्याकडे. एवढ्या चिखलात पायात नुसते मोजे."

"कसले मोजे?"

"करडे. लोकरीचे. चिंब भिजलेले."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, म्हणजे त्यांना माझं रडणं ऐकू जायला नको.

आता फिरस्ता-बिरस्ता म्हणायची सोय उरली नाही. तो आहे. माझा माणूस आहे. तो परत यायला निघालाय आणि पायांत बूट नाहीत म्हणून येता येत नाही त्याला, एवढंच झालंय! मला किती आनंद झालाय हे कुणाला सांगू? सांगितलं तर लोक दोर लावून डॉक्टरकडे नेतील.

३ मे

सकाळी बुटांना चरबी चोळली, नव्या नाड्या घातल्या, आणि ओकखाली नेऊन ठेवले. घराच्या वाटेकडे टोकं करून.

९ मे

हे लिहायला हात उचलत नाही.

आज एक बाई आल्या, गुरांच्या डॉक्टर आहेत. धडधाकट, फोनवर मोठ्याने हसणाऱ्या. आल्यावर मात्र अंगावरचा कोटही काढेनात. गरम सूप पुढे ठेवलं. मी विचारलं, ओकपाशी कुणी भेटलं का?

"भेटले," त्या म्हणाल्या. "थंडीने काकडत होते बिचारे. मी म्हटलं, अहो, हे बूट तुमचे आहेत का? घाला की. त्यांनी बराच वेळ पाहिलं बुटांकडे. म्हणाले, नाही, कुणाचे तरी विसरलेत."

"असं म्हणाले?"

"हो. मग मला विचारलं, इथून कुठे जायचं असतं?"

"नदीच्या हाताला, असं काही नाही म्हणाले?"

"नाही. फक्त, कुठे जायचं असतं. लहान मूल विचारतं ना, तसं. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर, खाली घर आहे, गरम काहीतरी मिळेल. आले की बरोबर. मागे मागे. पायांचा आवाज येत नव्हता म्हणून मी सारखी वळून बघत होते."

"कुठवर?"

"इथवर. तुमच्या त्या अक्रोडाच्या झाडापर्यंत. फाटक मीच उघडलं. ते खिडकीकडे बघत उभे राहिले. आत तुम्ही दिसत होतात, पातेलं ढवळत होतात. म्हणाले, छान घर आहे, पण माझ्या ओळखीचं इथे कुणी नाही. आणि गेले परत वर." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मी रोज जनावरं मरताना बघते, मॅडम, घाबरणारी बाई नाही मी. पण त्या माणसाला चेहरा होता का, हे तुम्ही मला शपथ घालून विचारलंत तर मला सांगता येणार नाही."

मी ढवळत होते. सूप खाली लागू नये म्हणून मान वर केली नाही. फाटकाच्या कडीला मीच तेल घातलं होतं, तिचाही आवाज आला नाही. तो माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता आणि त्याने मला ओळखलं नाही.

११ मे

येणाऱ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं, आजारी आहे. आज दुपारी सासूबाईंनी काठीने जमिनीवर ठोकलं.

"बस इथे."

बसले.

"एमिलियँ पाच वर्षांचा असताना लांब्रुआच्या जत्रेत हरवला होता. माहितीय तुला?"

"नाही, आई."

"मी त्याला सांगून ठेवलं होतं, हरवलास तर आहेस तिथून हलू नकोस, मी येईन. तो हलला नाही. मला पोचायला संध्याकाळ झाली. तोवर रडून रडून इतका थकला होता की मी समोर उभी राहिले तर माझ्याकडे परक्या बाईसारखा बघायला लागला. नाव विचारलं तर तेसुद्धा येईना तोंडातून. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा आई म्हणाला तो." त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "ज्याला थांब म्हटलं तो थांबतो. माझं पोर आहे ते. तुझा नवरा नंतर झाला."

"मला तो घरी हवा होता."

"ते मला कळत नाही होय? मला नकोय? मी त्याला जन्म दिलाय. या खिडकीत मी कशाला बसते रोज, घेवडा सोलायला?"

"मग तुम्ही गाडीतून का नाही उतरलात? तुम्ही ठोकायचा होता!"

"हक्क तुझा होता," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? मलाही वाटलं, येईल कदाचित."

आम्ही दोघी रडलो. मग त्यांनी माझा हात झिडकारला आणि म्हणाल्या, "पुरे. डबा आण तुझा."

शिवणाच्या डब्यात क्रूसाला दोरे गुंडाळले गेले होते. सोडवायला वेळ लागला. त्यांनीच सोडवले, चष्म्याशिवाय.

१२ मे

सकाळी गेले. ऊन होतं, कोकिळेसारखं काहीतरी ओरडत होतं, कुठेही भुताखेताचं काही वाटावं असं नव्हतं. अल्सीद त्याच्या कुंपणाशी उभा होता. मी हातोडी घेऊन चालले आहे हे पाहून त्याने टोपी काढली आणि मागे मागे आला, पण फाट्याच्या अलीकडेच थांबला.

बूट होते तिथेच होते. आत पाणी साचलं होतं, पानं पडली होती.

मी ठरवून गेले होते की काही बोलायचं नाही. पण क्रूस खोडाला लावला आणि तोंड सुटलं. म्हटलं, गाढवा, मी तुझी वाट बघत होते. तुला उभं ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. मला वाटलं तू येशील, खुर्ची ओढशील, मीठ मागशील. मला एकटीने जेवायची भीती वाटते रे. उशीवर डोकं ठेवायची भीती वाटते. म्हणून मी ही वाट फिरवली, लोकांना वाट वाकडी करायला लावली, चिखलातून नेलं त्यांना, का, तर कुणीतरी येऊन तुझ्याबद्दल एक वाक्य सांगेल म्हणून. देखावा गेला खड्ड्यात.

पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसरा खिळ्यावर. वरच्या वाटेच्या अंगाला ठोकला, जिथे नोव्हेंबरात ठोकायचा होता तिथे.

म्हटलं, डोंगराच्या हाताला, एमिलियँ. वर जायचं. चर्चच्या मागे. तुझे बाबा आहेत तिथे.

काही झालं नाही. पान हललं नाही. मला अजूनही काही दिसलं नाही आणि आता दिसणारही नाही, हे मला तिथे उभं असतानाच कळलं. मी तिथेच खाली बसले. अल्सीदने येऊन मला धरलं आणि घरी आणलं. बुटांचं भान कुणाला होतं.

१५ मे

पाहुण्यांना पुन्हा बोलावलंय. एवढं मोठं घर, दोन म्हाताऱ्या बायका, कुणीतरी हवं टेबलाशी. अल्सीद म्हणतो, वाट पाटावरून वळवू का, पुन्हा पट्टे मारतो. म्हटलं, बघू.

आज एक बाप आणि त्याची मोठी मुलगी आले. पावसाने दोघांना झोडपून काढलं होतं. त्यांचे कपडे वाळत घातले, सूप वाढलं. या वेळी मी काही विचारलं नाही.

मुलगीच म्हणाली, "बरं झालं ते काका भेटले वर फाट्यावर. पावसाने पिवळे पट्टे दिसत नव्हते, आम्ही चुकलोच असतो."

खिडकीतली काठी खाली पडली.

"त्यांनी वाट सांगितली?" मी विचारलं.

"हो, अगदी नीट. म्हणाले, नदीच्या हाताला धरून चला, अक्रोडाचं झाड आलं की घर. मी म्हटलं, तुम्हीपण चला ना, भिजताय. हसले. मिशीवरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, नाही, मला वर जायचंय." ती पाव मोडत थांबली. "आणि तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाले, तिला सांगा, बूट आत घे, पावसात खराब होतील."

बापाने विचारलं, काही चुकीचं बोलली का मुलगी? सासूबाई म्हणाल्या, नाही हो, जेवा तुम्ही. मग मी अंगावर एमिलियँचाच जुना रेनकोट घातला आणि तशीच पावसात वर गेले.

बूट आणलेत. पाणी ओतून दिलं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि चुलीपासून जरा लांब ठेवलेत. जवळ ठेवले की चामडं तडकतं म्हणून तो ओरडायचा.